मेजरचा मुडदूस, अक्काची सावली

धुळ्याच्या गुरांच्या दवाखान्यात डॉक्टरांनी माझ्या कुत्र्याच्या रोगाचं जे नाव सांगितलं, ते मी घरी सांगितलं नाही. घरी दुसरंच सांगितलं. ही गोष्ट मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळ नाही, आणि आईच्या शेवटच्या दुखण्यात तिच्या उशाशी बसून होतो तेव्हाही नाही.

मोठ्या हाडाचं कुत्रं पाळणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून हे लिहितो आहे, आणि तो होईल. पण खरं नाव वगळून लिहिलं तर निम्मंच होईल. म्हणून ते आधी सांगून टाकतो.

त्या दिवशी डॉक्टर जमिनीवर उकिडवे बसले होते. मेजरचे पुढचे पाय त्यांनी हातात घेऊन पाहिले. मनगटाशी गाठी आलेल्या, पाय धनुष्यासारखे बाहेर वाकलेले. मग त्यांनी त्याच्या बरगड्यांवरून दोन बोटं हळूहळू खाली नेली आणि माझा हात धरून तिथं ठेवला.

"लागतात का मणी? माळेसारखे?"

लागले. प्रत्येक बरगडीच्या टोकाला एक गाठ.

"रिकेट्स," ते म्हणाले. "हाडात चुना भरत नाही, हाड मऊ राहतं. अंगाचा भार पडला की वाकतं. आपल्याकडे यालाच मुडदूस म्हणतात."

मी हात मागे घेतला. डॉक्टरांना वाटलं असेल, कुत्रं चावेल म्हणून घाबरला. पण ते मणी माझ्या बोटांच्या ओळखीचे होते. माझ्या मुलाला, दत्तूला, आंघोळ घालताना ते मला लागले होते.

दत्तूचं पुढे सांगतो. आधी मेजर.

मी जळगावला कापसाच्या एका जिनिंग प्रेसमध्ये कारकून होतो. दुसरी लढाई सुरू व्हायच्या बऱ्याच आधीची गोष्ट. आमचे इंजिनिअर साहेब बदलून मुंबईला निघाले तेव्हा त्यांच्या कुत्रीला पिल्लं झालेली होती. ग्रेट डेन जातीची. पुरी वाढली की माणसाच्या कमरेला लागणारी जात. साहेबांनी एक पिल्लू माझ्या हातात दिलं आणि काय घालायचं ते बजावलं: मटण, हाडं, अंडी, दूध. मी मान हलवत गेलो. आमचं घर माळकरी. अंड्याचं टरफलसुद्धा कधी उंबऱ्याच्या आत आलेलं नाही. पण साहेबाला नाही म्हणायची छाती नव्हती, आणि खरं म्हणजे पिल्लू मला हवं होतं. दत्तू जाऊन वर्ष व्हायचं होतं. बायको माहेरी गेली ती परत यायचं नाव काढत नव्हती. घर फार गप्प झालं होतं.

पिल्लाचं नाव साहेबांनीच ठेवलेलं, मेजर. माझ्या थोरल्या बहिणीला, अक्काला, ते भलतंच ऐकू आलं.

"एवढ्या थोरल्या कुत्र्याला मांजर म्हणतात तुमचे साहेब?"

"मांजर नाही अक्का, मेजर."

"मी काय वेगळं म्हणाले?"

तेव्हापासून ती त्याला मांजऱ्या म्हणायची. आणि तो मला सोडून तिच्याच हाकेला उठायचा.

अक्का न कळत्या वयात विधवा झाली आणि माहेरीच राहिली. घरातलं निवडणं-पाखडणं तिच्याकडे. सकाळी मागच्या अंगणात ऊन आलं की ती सूप घेऊन बसायची. पिल्लू तिच्या पावलांवर हनुवटी टेकून झोपायचं. पाय बधिर झाले तरी ती हलायची नाही.

माझी आई नरडाण्याकडची. इतकी वर्षं जळगावात काढून तिची बोली तिकडची अहिराणीच राहिली. पिल्लाचं तिनंही मायेनं केलं, हे मी कुणाला नाकारू देणार नाही. बाजरीची भाकरी वरणाच्या पाण्यात कुस्करायची, वर तुपाची धार. सणाला शिरा. दूध मात्र चहापुरतंच येई. चतुर्थीला त्याला उपास.

"त्याला कशाला उपास, आई?"

"घर बठ्ठं उपाशी शे, अन् हाऊ एकलाच खाई का?"

रात्री चंद्र पाहून झाला की पहिला मोदक त्याला.

तुपानं तो फुगत गेला. अंगानं वाढला, हाडानं नाही, हे आता कळतं. तेव्हा आम्हांला अभिमान वाटायचा. गल्लीतली माणसं दारात थांबून बघायची. "नाना, हे भुंकतं की हंबरतं?" असं मला विचारायची. आईला त्या बघण्याची धास्ती बसली. "बठ्ठी गल्ली देखस. तेले नजर लागी जाई," ती म्हणायची. मीठ-मिरच्या ओवाळून झाल्या, कपाळाला काजळाचं बोट लावून झालं. शेवटी तिनं त्याला धान्याच्या कोठीच्या खोलीत बांधलं. त्या खोलीला खिडकी नाही. अक्का सकाळी त्याला सोडून मागे अंगणात आणायची, तेवढंच त्याचं ऊन.

थंडीच्या तोंडाशी मेजर लंगडायला लागला. ओट्याची पायरी उतरताना विव्हळायचा. मग उठायलाच नको म्हणायचा. मी काखेत हात घालून उभा केला तर पुढचे पाय फाकले आणि तो छातीवर बसला, आणि आपलंच काही चुकलं असावं तसा माझ्याकडे बघत राहिला.

आईनं त्याचे पाय पाहिले आणि तोंडाला पदर लावला.

"हाऊ मुडदूस शे," ती म्हणाली.

बाहेरच्या माणसाला हे समजावून सांगायला हवं. आमच्याकडे मुडदूस म्हणजे नुसता रोग नव्हे, तो आळ असतो. लेकरू सुकायला लागलं, पाय वाकले, की पहिला प्रश्न औषधाचा नसतो. कुणाची सावली पडली, हा असतो. आणि ती सापडली की करायचं ते ठरलेलं: लेकरू आत न्यायचं, दार लावायचं, त्या बाईला लांब ठेवायचं.

दत्तूच्या वेळी सावली शोधायला कुठं जावं लागलं नाही. घरात विधवा एकच होती. आई बोलली, आणि मी ऐकलं. दत्तू सुकायला लागल्यापासून अक्का रोज सकाळी त्याला तेल लावून अंगणात उघड्या अंगानं उन्हाला निजवायची. त्याच जागी जाऊन मी तिला म्हणालो, "अक्का, थोडे दिवस तू त्याला घेऊ नकोस." तिनं हाताचं तेल पदराला पुसलं. का म्हणून विचारलं नाही. दत्तूची झोळी मी माझ्या हातानं कोठीच्या खोलीत टांगली, कारण घरातली सगळ्यांत आडोशाची खोली तीच. थंडी सरायच्या आत तो खोकल्यानं गेला.

मेजरच्या वेळी अक्काला कुणी सांगावं लागलं नाही. आईच्या तोंडून तो शब्द निघाला आणि ती सूप उचलून स्वयंपाकघरात गेली. मेजर दिवसभर दाराकडे तोंड करून पडून राहिला. तिच्या बांगड्या तर वाजायच्या नव्हत्याच. तो तिच्या पावलांचा कानोसा घ्यायचा.

तेव्हा मी धुळं गाठायचं ठरवलं. गुरांचा दवाखाना जळगावलाही होता. पण तिथला कंपाउंडर आमच्या गल्लीतला, आणि घरातली गोष्ट नळावर पोचायला वेळ लागत नाही. स्टेशनात गार्डाच्या डब्यात कुत्र्यांसाठी पेटी होती. मेजरचं नुसतं डोकं तिच्यात मावलं. गार्ड म्हणाला, "तिकीट कुत्र्याचं काढलंत की घोड्याचं?" मग त्यानंच पोतं पसरायला जागा करून दिली. चाळीसगावला गाडी बदलायची, तिथं एका हमालानं आणि मी त्याला चादरीत घालून नेलं. चादरीत तो अंगात हाडंच नसल्यासारखा पडून होता, पण माझा हात चाटत होता.

दवाखान्यात निंबाखाली थांबायचं. खांदा सुजलेला बैल, टांग्याचं घोडं, शेळ्या, आणि आम्ही. नंबर लागेपर्यंत मी काय बोलायचं ते जुळवत बसलो.

डॉक्टरांनी पहिल्यांदा विचारलं, "खायला काय घालता?"

"मटण, हाडं, अंडी," मी म्हणालो. साहेबांचं बोलणं पाठ होतं.

त्यांनी माझ्या गळ्यातल्या माळेकडे पाहिलं. "आणि ते शिजवताना ही माळ खुंटीला लावता वाटतं?"

मी माळ सदऱ्याच्या आत सारली.

"हे बघा, कारकून. माझ्याशी खोटं बोललात तर औषध तुमच्या खोट्याला लागू पडेल. कुत्र्याला नाही."

मग भाकरी, वरणाचं पाणी, तूप, शिरा, चतुर्थी, सगळं सांगितलं. कोठीची खोलीही सांगितली. "अंधारात का?" "नजर लागते म्हणून." ते हसले नाहीत. खाली बसले आणि त्याचे पाय हातात घेतले. त्यानंतरचं वर सांगितलंच आहे.

त्यांनी जे सांगितलं ते ज्यांच्या दारी असं पिल्लू आहे त्यांनी लक्षात ठेवावं. मोठ्या जातीचं पिल्लू फार झपाट्यानं वाढतं, म्हणून त्याच्या हाडाला सामान इतरांपेक्षा जास्त लागतं आणि उशीर खपत नाही. भाकरीत ते नाही. तुपानं फक्त वजन वाढतं आणि ते वजन कच्च्या हाडांवर बसतं. पिल्लू गुबगुबीत दिसलं की खूश होऊ नका; बरगडी हाताला लागली पाहिजे. दूध द्या, ताक द्या. हाडांचा रस्सा द्या, पण शिजलेलं हाड चघळायला देऊ नका, ते फुटून आतडं टोचतं. हाडांचा बारीक कुटलेला चुरा मिळतो, तो चिमूटभर. आणि कॉड लिव्हर ऑइल, म्हणजे माशाच्या काळजाचं तेल. पायऱ्या नकोत, उड्या नकोत, गुळगुळीत फरशी नको. चालवायचं तर नदीच्या वाळूत. उपास तर बिलकूल नको.

"आणि कोवळं ऊन," ते म्हणाले. "याच्या अंगावर केस, त्यामुळे याला तेल आणि हाड आधी, ऊन मागून. पण मन रमायला, अंग शेकायला ऊन हवंच."

मी विचारू नये ते विचारलं. "माणसाच्या लेकराला होतो तो मुडदूस हाच का?"

"हाच. त्याला तर नुसतं उघड्या अंगानं सकाळच्या उन्हात ठेवलं तरी पुष्कळ काम होतं. लोक उलट करतात. अंधारात कोंडतात."

"त्यानं लेकरू जातं?"

"मुडदुसानं सहसा जात नाही. छाती कमजोर होते. मग साधा खोकला पुरतो." मग त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि आवाज उतरवला. "तुमच्या घरी कुणी...?"

"नाही," मी म्हणालो. डॉक्टरांशी दुसऱ्यांदा खोटं बोललो. या वेळी त्यांनी पकडलं नाही, किंवा सोडून दिलं.

परतीच्या गाडीत मेजर माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपला होता आणि मी हिशेब करत होतो. घरी मुडदूस म्हटलं तर अक्का जवळ येणार नाही, आणि तिच्याशिवाय हा उठणार नाही. मुडदूस सावलीनं होत नाही म्हटलं, तर मग दत्तूला कशानं झाला, हे आई विचारील. आणि दत्तूला रोज उन्हात निजवणारी कोण होती, त्याला आत कुणी नेलं, हे तिला, बायकोला, मला, सगळ्यांनाच दिसेल.

घरी पोचल्यावर मी म्हणालो, "आई, मुडदूस नाही. डॉक्टर म्हणाले, वात आहे. सांध्यांचा."

आईनं देवाला हात जोडले. स्वयंपाकघराच्या दारात अक्का उभी होती. "खरं?" तिनं विचारलं.

"खरं."

ती तशीच बाहेर आली, चूल अर्धी सोडून, आणि त्याचं एवढं मोठं डोकं तिनं ओटीत घेतलं. "मांजऱ्या, अरे मांजऱ्या, नुसता वात होय रे तुला."

एका शब्दानं घराचं दार उघडलं. त्याच शब्दानं मी दुसरं दार बंद केलं, ते मला कळत होतं. कुत्र्याचा वात ठरल्यावर खरा मुडदूस एकच उरला, दत्तूचा. आणि तो अक्काच्या नावावर पक्का झाला.

औषध सुरू झालं. माशाचं तेल मी वाताचं तेल म्हणून आणलं. आईनं बूच काढून वास घेतला आणि बाटली हातभर लांब धरली. "चोळानं तेल पोटमा कोन देस रे?"

"विलायती पद्धत आहे."

"विलायतना लोके आंघोळ करतस का नही?"

पण बाटलीला तिनं जागा दिली, तुळशीमागच्या कोनाड्यात का होईना. रस्सा घरात शक्यच नव्हता. प्रेसच्या बंगल्यावरचा खानसामा तो करून ठेवायचा. आधी मी तो डब्यातून गोठ्यामागे आणायचो, पुढे मेजर चालायला लागल्यावर संध्याकाळी माझ्याबरोबर तिकडेच जेवायला यायचा. आई म्हणायची, कुत्रं नोकरीला लागलं.

बाकी सगळं अक्काचं. सकाळी ती पोतं उन्हात टाकायची, ऊन सरकलं की मेजरसकट पोतं ओढायची. तिळाचं तेल कोमट करून त्याच्या पायांना खालून वर, अगदी हलक्या हातानं चोळायची, तसंच, जसं दत्तूला चोळायची. मी दारातून बघायचो. एक गोष्ट माझ्या नजरेतून सुटली नाही. वात असला तरी ती अशीच बसायची की तिची सावली त्याच्या अंगावर पडू नये. ऊन फिरलं की तीही फिरायची.

एके सकाळी मी पाटावर बसलो असताना मागून तिची हाक आली. "भाऊ, ये रे लवकर." मेजर उभा होता. चारही पाय थरथरत होते, शेपूट हलत होतं आणि त्या शेपटाच्या हेलकाव्यानंच तो पडेल की काय असं वाटत होतं. अक्का त्याच्यासमोर दोन्ही हात पसरून, पण हात न लावता, मागे मागे सरकत होती. लेकराला चालायला शिकवतात तशी. दत्तूला ते शिकवायची वेळ आली नव्हती.

दुसऱ्यांदा धुळ्याला निघालो तेव्हा ती हट्टानं बरोबर आली. तिला मी निंबाखाली बसवून ठेवलं, तो शब्द तिच्या कानावर पडू नये म्हणून. पण डॉक्टरच बाहेर आले. मेजर तिच्या मांडीवर डोकं टाकून बसला होता.

"याला उन्हात कोण बसवतं?"

"मी," अक्का पदर सावरत म्हणाली.

"मग बाई, अर्धे डॉक्टर तुम्ही. हा रोग औषधापेक्षा अशा..."

"साहेब, गाडीची वेळ झाली," मी म्हणालो.

गाडी सुटायला भरपूर अवकाश होता. स्टेशनात बसून राहिलो. अक्का कितीतरी वेळ मनाशीच हसत होती. अर्धी डॉक्टर, असं एकदा पुटपुटलीही. मग गाडीत म्हणाली, "डॉक्टर रोगाचं काय सांगत होते रे?"

"वात उतरला म्हणत होते."

"बरं झालं वातच निघाला." तिनं मेजरच्या कानामागे खाजवलं. "मुडदूस असता तर मी याच्याजवळ बसले असते का? एकदा झालं तेवढं पुरे."

शिरसोलीचं स्टेशन गेलं, जळगाव आलं. तेवढ्या वेळात मला बोलता आलं असतं.

मेजर पूर्ण बरा झाला. पुढचे पाय किंचित बाकदार राहिले, चालताना पैलवानासारखा दिसायचा. या जातीला आयुष्य कमी असतं. तरी त्यानं आपलं सगळं जगून घेतलं आणि म्हातारा होऊन अक्काच्या पोत्यावरच गेला. त्या डॉक्टरांचे उपकार मी विसरलो नाही. मेजरमुळे घराला आवाज परत आला. बायको परतली, पुढे मुलगी झाली. तिला मी स्वतः रोज सकाळी अंगणात उन्हाला घेऊन बसायचो. पुरुषमाणूस पोर मांडीवर घेऊन बसतो म्हणून गल्ली हसायची. अक्का दाराच्या आत उभी राहून बघायची. मी तिला बोलावलं नाही असं नाही. पण का यावं, ते सांगितलं नाही. मग ती कशी येणार?

आता मुलगी बाळंतपणाला घरी आली आहे. नातू सकाळी त्याच अंगणात चटईवर उघडा निजवलेला असतो. परवा अक्का सूप घेऊन आली. कमरेत वाकली आहे, नजर मंदावली आहे. तिनं आधी ऊन कुठून येतंय ते पाहिलं, पदर आवरला आणि भिंतीला धरून, लांबचा वळसा घेऊन पलीकडे गेली. सकाळची लांब सावली भिंतीवर पडली, चटईवर नाही.

"आत्या अशी भिंतीकडेनं का चालते, नाना?" मुलीनं मला विचारलं.

"दिसत नाही तिला नीट," मी म्हणालो.

तोंडून शब्द गेल्यावर मला कळलं, की मी अजून तेच करतो आहे. त्याच दिवशी हे लिहायला बसलो. अक्काला वाचता येत नाही, म्हणून लिहून माझं काम भागणार नाही.

मी तिला हे देणं लागतो: तिच्यासमोर बसून सांगायचं, की मेजरला वात नव्हता, मुडदूस होता, आणि तो तुझ्या मांडीवर बरा झाला. दत्तूला तुझ्या सावलीनं काही झालं नाही. त्याला उन्हातून आत मी नेलं. हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.